चौदाव्या होलला बॅटरी का बसते?

वाचकांचे प्रश्न : गोल्फची विजेवरची ट्रॉली

मागच्या अंकात या सदराच्या शेवटी मी दोन ओळी लिहिल्या होत्या. मी हर्टफर्डशायरमधल्या एका गोल्फ क्लबच्या मागच्या शेडमध्ये विजेवरच्या ट्रॉल्या दुरुस्त करतो, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. वाटलं होतं, दोन-तीन पत्रं येतील. एकोणीस आली. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत भेटलेले निम्मे लोक गोल्फ खेळतात हे मला आजच कळतंय.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या. त्यात चेंडू, छत्री, रेनकोट, पाण्याची बाटली, कुणाकुणाचा थर्मासही. सगळं मिळून १२ ते १५ किलो. अठरा होल, म्हणजे चेंडू घालायचे अठरा खड्डे, फिरायचे म्हणजे आठ-दहा किलोमीटर चाल. हे ओझं पाठीवर घ्या, ढकलगाडीवर टाका, नाहीतर मोटरवाल्या ट्रॉलीवर. माणसं बसून फिरतात ती बग्गी, ती वेगळी. अमेरिकेतले वाचक दोन्हींना कार्टच म्हणतात, म्हणून न्यू जर्सीहून आलेलं एक पत्र मला दोनदा वाचावं लागलं.

“ट्रॉली सात वर्षांची. बॅटरी लेड-ॲसिड, १२ व्होल्ट, २६ ॲम्पिअर-अवर. दोनच वर्षांपूर्वी नवी घातली. तेरा होल ठणठणीत चालते, चौदाव्याला चढ लागला की मान टाकते. दुकानदार म्हणतो, मोटर गेली. खरं असेल का?” – एक वाचक, रेडिंग

नसावं. मोटर गेली असती तर तेरा होल कशाला चालली असती? पहिल्या टीवरच, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागीच, बसली असती. आणि जळलेली मोटर लपत नाही, तिचा वास येतो. तो वास मी इचलकरंजीत मामांच्या रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरायच्या, दुकानात पंधराव्या वर्षी शिकलो. यंत्रमागाची मोटर हातगाड्यावरून यायची, मामा झाकण न काढता नुसतं नाक जवळ न्यायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, “भरायला लागणार, परवा या.” जळलेल्या वॉर्निशचा वास गोडसर असतो आणि मागाहून घशात कडवट लागतो. तुमच्या ट्रॉलीतली मोटर दोनशे-सव्वादोनशे वॅटची, डीसी, कार्बन ब्रशवाली. यंत्रमागाच्या मोटरीपुढे ती खेळणंच, पण वास तोच.

दुकानात जायच्या आधी घरी एवढं करा. बॅटरी रात्रभर चार्ज करा, चार्जर काढा आणि तीन-चार तास तिला हात लावू नका. चार्जरवरून उतरवल्या-उतरवल्या मोजलेला आकडा नेहमी खोटा सांगतो. मग व्होल्ट मोजायचं मीटर लावा. १२.७ किंवा वर असेल तर ठीक. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. आता खरी परीक्षा. बॅग चढवून ट्रॉली एखाद्या चढावर न्या, दुसऱ्या कुणाला तरी हँडल धरायला सांगा आणि मोटर चालू असताना मीटर बघा. साडेदहाच्या खाली गेला तर बॅटरी संपली, मोटरला दोष देऊ नका. सपाटीवर मोटर थोडकाच करंट ओढते, चढावर त्याच्या कितीतरी पट. म्हणून दम चढावर निघतो.

दोन वर्षांत बॅटरी का गेली, याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही, पण मला अंदाज आहे. तुम्ही शनिवारी खेळता आणि शुक्रवारी रात्री चार्जिंगला लावता. बरोबर? आमच्या क्लबातले निम्मे सभासद तेच करतात. म्हणजे शनिवारी दुपारपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत ती बिचारी अर्धी-रिकामी गॅरेजमध्ये पडून. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी झाली की प्लेटांवर लेड सल्फेट धरतं. ताजं असेल तर चार्जिंगमध्ये विरघळतं. आठवडाभर राहिलं तर त्याचे खडे होतात आणि ते मग विरघळत नाहीत. मीठ ओलं होऊन भरणीत गठ्ठा धरतं ना, तसंच. तेवढी प्लेट कायमची गेली. अशा बॅटऱ्या मैदानावर मरत नाहीत, गॅरेजमध्ये मरतात. शनिवारी घरी आलात की बूट काढायच्या आधी चार्जरला लावा. हिवाळ्यात खेळणं बंद असेल तेव्हाही महिन्यातून एकदा चार्ज करा.

नवी बॅटरी घ्यायच्या आधी तिच्या वायरीचं कनेक्टर उघडून बघा. प्लॅस्टिक तपकिरी पडलंय का, पितळी पट्टी काळी झालीय का? तिथला सैल सांधा गरम होतो, व्होल्ट खातो आणि दुखणं हुबेहूब बॅटरीसारखंच दिसतं. गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ नवी बॅटरी घेऊन आले, तरी ट्रॉली चौदाव्यालाच थांबत होती. दोन पौंडांचं कनेक्टर बदललं. मी पैसे घेतले नाहीत, त्यांनी नव्या बॅटरीचे मोजले होते तेवढे पुरे.

लिथियम घेऊ का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. घ्या. २६ ॲम्पिअर-अवरची लेडवाली साडेआठ किलोच्या आसपास असते, लिथियम तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. फक्त दोन गोष्टी सांभाळा. जुना चार्जर तिला लावू नका, तिचा स्वतःचा वापरा. आणि जानेवारीत पारा शून्याखाली असताना गॅरेजमध्ये चार्ज करू नका. बॅटरी काढून घरात आणा, ती खोलीएवढी गरम होऊ दे, मग लावा. गोठणाऱ्या थंडीत चार्ज केलं की लिथियम आत चुकीच्या जागी जमतं आणि बॅटरी आतून खराब होते, बाहेरून काही दिसत नाही. शिवाय लेडवाली मरताना कुरकुरते, हळू पडते, तुम्हाला कळतं. लिथियम शेवटपर्यंत ऐटीत चालते आणि एकदम बंद पडते. पंधराव्या होलवर, क्लबहाउसपासून सगळ्यात लांब.

“तुम्ही मागच्या अंकात लिहिलंत, ‘यजमानांना ट्रॉली घेऊन द्यायची असेल तर…’ आमचे यजमान गोल्फ खेळत नाहीत, मी खेळते, अठरा वर्षं. उंची पाच फूट. ट्रॉली चालवायला मला काहीच अडचण नाही, ती डिकीत चढवताना मात्र कंबर धरते. काय करू?” – एक वाचिका, लेस्टर

चूक झाली. कान धरतो. आमच्या घरीही हे वाचून दाखवण्यात आलं, दोनदा.

तुमचा प्रश्न मात्र सगळ्या पत्रांत महत्त्वाचा आहे, कारण ट्रॉली घेताना लोक मोटर बघतात, स्क्रीन बघतात, डिकी कुणी बघत नाही. खरं तर राउंडमध्ये ओझं ट्रॉलीच वाहते. तुम्ही उचलता ते फक्त चार वेळा: घरी चढवताना, क्लबात उतरवताना, परत चढवताना, घरी उतरवताना. कंबर तिथेच जाते.

क्रम असा ठेवा. आधी बॅग काढा आणि बाजूला उभी करा. मग बॅटरी काढून पुढच्या सीटच्या पायाशी ठेवा. मग चाकं काढा. बहुतेक ट्रॉल्यांत ती एका बटनावर निघतात. आता उरला नुसता सांगाडा, तो मॉडेलप्रमाणे आठ ते दहा किलोचा. तो उचलताना हँडल धरू नका. घडी घातल्यावर मधोमध जो दांडा येतो तो धरा आणि आधी एक कड डिकीच्या काठावर टेकवा, मग आत सरकवा. अंग वाकवायचं नाही, गुडघे वाकवायचे. पाटावरून ताट उचलताना आपण करतो तसं. काठावर जुनी सतरंजी टाकली की रंगही जात नाही.

आणि नवी घेताना दुकानदाराला म्हणा, घडी घालून माझ्या हातात द्या. तो बटनं दाखवत राहील, तुम्ही उचलून बघा. चारशे-पाचशे पौंडांपासून दोन हजारांपर्यंत ट्रॉल्या आहेत आणि महागडी हलकी असेलच असं अजिबात नाही. दोन मोटरवाल्या रिमोटच्या ट्रॉल्या उलट जड असतात. हँडलची उंची मात्र कमी-जास्त होतेय ना, ते तपासा. पाच फुटांच्या माणसाला सहा फुटांचं हँडल म्हणजे खांदे वर उचलून चालणं, आणि तसं दहा किलोमीटर.

“माझा चेंडू झाडाला लागून परत आला आणि माझ्याच ट्रॉलीवर आदळला. सोबतचे म्हणाले, एक फटका दंड. मी मानलं नाही, भांडण झालं.” – एक वाचक, कार्डिफ

तुम्ही बरोबर. दंड होता, पण २०१९ च्या नियमांपासून नाही. चालता चेंडू चुकून तुमच्या ट्रॉलीला, बॅगेला किंवा तुम्हालाच लागला तर दंड नाही, जिथे थांबला तिथून खेळा. तुमचे मित्र जुन्या नियमावर अडकलेत. त्यांना इतकंच सांगा की थांबलेल्या चेंडूचं वेगळं आहे. ट्रॉली ढकलताना चाकाने स्वतःचाच थांबलेला चेंडू हलवला तर एक फटका दंड आणि चेंडू मूळ जागी परत. गवतात चेंडू शोधत असताना असं झालं तर मात्र दंड नाही. म्हणजे त्यांचंही अगदीच वाया जाणार नाही.

“सासऱ्यांना मागे-मागे येणारी ट्रॉली घेऊन द्यावी असं मुलांच्या मनात आहे. ते ७४ वर्षांचे, डावा गुडघा बदललेला. हौसेची गोष्ट आहे की कामाची?” – एक वाचिका, एडिंबरा

दोन्ही. अशा ट्रॉल्या खिशातल्या रिमोटशी ब्लूटूथने बांधलेल्या असतात, तुम्ही चाललात की त्या मागून चालतात. ग्लॉस्टरची स्ट्युअर्ट गोल्फ ही कंपनी यासाठी ओळखली जाते. गुडघा बदललेल्या माणसाला खरा फायदा हा की दोन्ही हात मोकळे राहतात आणि उतारावर ट्रॉली त्याला पुढे ओढत नाही. साध्या ट्रॉलीने उतारावर ओढलं की माणूस नकळत टाच रोवतो, आणि तो जोर गुडघ्यावर येतो. तुमच्याकडचे कोर्स डोंगराळ. रिमोट घेतलात किंवा नाही घेतलात, उतारावर आपोआप ब्रेक लागतो का हे नक्की विचारा. सासऱ्यांसाठी मी बाकी सगळं सोडून त्यालाच पैसे मोजले असते.

रिमोटचं म्हणाल, तर एक गोष्ट सांगतो. साध्या ट्रॉलीतही ठरावीक अंतर सोडून देण्याची सोय असते. म्हणजे बटन दाबलं की ती एकटीच पुढे जाऊन थांबते आणि तुम्ही ग्रीनवरून, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या तासलेल्या गवतावरून, सावकाश येता. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाने सतराव्या होलवर ती अशी सोडली आणि फोन घेतला. मैदान थोडं तळ्याकडे कललेलं. ट्रॉली सरळ निघाली, मग कलली, मग काठावरच्या बदकांना उठवत पाण्यात. मला शेडमधून बोलावलं. रबरी पँट घालून मी छातीएवढ्या पाण्यात उतरलो आणि चिखलात पाय टाकत क्लब एकेक करून वर काढले. तेरा मिळाले. चेंडू खड्ड्यात ढकलायचा पटर नाही मिळाला, तो अजून तिथेच आहे.

ट्रॉली शेडमध्ये आणून उघडली. मोटरमध्ये तळ्याचा चिखल, हिरवट, बोटाला लागला की माशासारखा वास. ब्रशच्या स्प्रिंगा दोन दिवसांत गंजल्या होत्या. ब्रश बदलले, कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग, बारीक काचकागदाने घासून तांबं दिसेपर्यंत साफ केलं, फटींतला मळ टाचणीने काढला. मोटर चालली. कंट्रोलरचं सर्किट मात्र पांढरं पडून गेलं, ते नवंच घ्यावं लागलं. सभासद म्हणाले, ट्रॉलीने स्वतःहून वळण घेतलं. मी म्हटलं, तिने उतार बघितला, तुम्ही नाही.

म्हणून सासऱ्यांना द्या, पण पहिले दोन-तीन राउंड कुणीतरी त्यांच्याबरोबर चाला. ट्रॉली मागून येतेय म्हणून माणूस मागे बघत नाही, हाच धोका. आणि तळ्याजवळ तिला हातानेच घ्यायची. कायम.

“बाबा पुण्यात असतात, येरवड्याला खेळतात. या डिसेंबरात माझी जुनी ट्रॉली त्यांच्यासाठी घेऊन जावी म्हणतो. विमानात बॅटरी चालेल का?” – एक वाचक, हाउन्स्लो

हिशेब करून बघू. तुमची बॅटरी लिथियमची, समजा २० ॲम्पिअर-अवरची. १२ व्होल्ट गुणिले २० म्हणजे २४० वॉट-अवर, ही बॅटरीत मावणारी एकूण वीज. प्रवाशांच्या सामानात लिथियम बॅटरी १०० वॉट-अवरपर्यंत चालते, १०० ते १६० पर्यंत एअरलाइनच्या परवानगीने, त्यावर नाही. तुमची अर्थातच बसत नाही. लेड-ॲसिड सीलबंद असली तरी तिलाही १२ व्होल्ट आणि १०० वॉट-अवरचीच मर्यादा, २६ ॲम्पिअर-अवरची ३१२ होते. म्हणजे नुसता सांगाडा न्यायचा आणि बॅटरी तिकडे शोधायची. खटाटोप आहे.

पण माझं खरं उत्तर हिशेबाचं नाही. पुण्यात पूना क्लबच्या कोर्सवर बाबांना कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा माणूस, मिळतो. मी ट्रॉल्यांवर पोट भरणारा माणूस, तरी सांगतो: कॅडी मिळत असेल तर ट्रॉली कशाला? ट्रॉली बॅग वाहते, एवढंच. कॅडी गवतात गेलेला चेंडू दोन मिनिटांत काढतो, ग्रीनचा उतार कुठे झुकतो ते पायाखालून सांगतो, आणि बाबा पाचव्या होलवर का चिडलेत हेही त्याला कळतं. वर्षानुवर्षं एकच मैदान रोज पायाने मोजलेला माणूस. आपल्याकडे कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या माणसांनी मोठा खेळही केलाय. दिल्लीचा अली शेर कॅडीच होता आणि त्याने इंडियन ओपन १९९१ मध्ये जिंकली, पुन्हा १९९३ मध्ये.

इकडे इंग्लंडात साध्या क्लबांत कॅडी उरलेच नाहीत. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजसारख्या जागी मिळतात, बाकी सगळीकडे माझ्यासारखा कुणीतरी शेडमध्ये बॅटरी मोजत बसलेला. केंटमधल्या पॉवकॅडीने १९८३ पासून ट्रॉल्या बनवायला घेतल्या, तेव्हापासून आमची ही जमात वाढली. त्यात वाईट काही नाही, गुडघे दुखणारी कितीतरी माणसं त्यामुळे अजून चालतात. पण जिथे माणूस उभा आहे आणि त्याचं घर त्यावर चालतं, तिथे सामानातून यंत्र नेऊन त्याला बाजूला करू नका. मला नाही आवडणार. बाबांनाही आवडणार नाही, विचारून बघा.

नेलंत तर बाबांना चेंडू न्या आणि कॅडीला एक चांगला रेनकोट. पुण्यातल्या पावसाळ्यात बॅगेला आवरण असतं, खेळणाऱ्याच्या हातात छत्री असते, भिजतो तोच.

“ट्रॉली गोल गोल फिरते. सरळ जातच नाही. नवीकोरी आहे. परत करू?” – फोनवरून आलेला प्रश्न, ल्यूटन

थांबा, परत करू नका. मागची चाकं ज्या दांड्यावर बसतात त्यावर दोन खाचा असतात. आतल्या खाचेत चाक मोटरला जोडलं जातं, बाहेरच्या खाचेत ते मोकळं फिरतं. बॅटरी संपली तर हाताने ढकलता यावी म्हणून ही सोय. तुमचं एक चाक आत बसलंय आणि एक बाहेर. म्हणजे एक बैल ओढतोय, दुसरा उभा. बटन दाबून चाक काढा आणि टक असा आवाज येईपर्यंत आत ढकला. तरीही नाही झालं तर चाकांवर डावं-उजवं लिहिलेलं असतं ते बघा. काही ट्रॉल्यांत ती अदलाबदल झाली की मोटर घुमते आणि गाडी जागची हलत नाही. फोनवर तुमच्या मागून कुणीतरी हसत होतं, त्यांना सांगा, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा येतोच.